चलगती ड्राइव्ह, मोटरची केबल आणि स्थानिक आयसोलेटर : पाठ्यपुस्तक, नियम व पुस्तिका यांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

विद्युत अभियांत्रिकीच्या पदवी वर्गात ‘इलेक्ट्रिकल ड्राइव्हज’ हा विषय सुरू होतो तो बहुधा एका आकृतीने. गोपाल के. दुबे यांच्या ‘फंडामेंटल्स ऑफ इलेक्ट्रिकल ड्राइव्हज’ या पाठ्यपुस्तकामुळे ती भारतभर परिचयाची झाली आहे. स्रोत, पॉवर मॉड्युलेटर, मोटर आणि भार अशा चार चौकटी एका ओळीत. त्यांच्या जोडीला नियंत्रण व संवेदन यांच्या चौकटी. आणि या सर्वांना जोडणाऱ्या रेषा. पुढील सर्व अध्यापन चौकटींचे होते. रेषांविषयी काही सांगायचे असते, हे विद्यार्थ्याला सहसा कळत नाही.

दुबे यांच्या ग्रंथाला येथे उणे लेखण्याचा हेतू नाही. मोटर आणि परिवर्तक यांचे एकत्रित वर्तन समजावून सांगणे हे त्या ग्रंथाचे उद्दिष्ट आहे व ते त्याने उत्तम रीतीने साधले आहे. तथापि पॉवर मॉड्युलेटर आणि मोटर यांमधली ती लहानशी रेषा कारखान्यात साठ-सत्तर मीटर लांबीची केबल असते. ती वातानुकूलित पॅनेल-खोलीतून निघते, ट्रेवरून इतर केबलींच्या सोबतीने जाते, मोटरशेजारच्या एखाद्या डब्यात शिरते आणि तेथून मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये पोहोचते. तो डबा म्हणजे स्थानिक आयसोलेटर. साखर कारखान्यात गव्हाणीची मोटर दुरुस्तीला घेतली की कपलिंगमध्ये हात घालणाऱ्या फिटरचा भरवसा ड्राइव्हच्या चौकटीवर नसतो. तो या रेषेवर असतो.

या रेषेविषयी लिहिले गेले आहे, पण ते तीन वेगवेगळ्या प्रकारच्या लेखनात विखुरलेले आहे. संशोधन-निबंध व मानके केबलविषयी बोलतात. कायदा व नियम स्विचविषयी बोलतात. ड्राइव्ह-उत्पादकांच्या पुस्तिका दोहोंविषयी बोलतात, पण ड्राइव्हच्या हितापुरते. त्यामुळे केबल हा गुणवत्तेचा प्रश्न व आयसोलेटर हा कायदेशीर पूर्ततेचा प्रश्न अशी फारकत झाली आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हे दोन प्रश्न नाहीत. वाहून नेली जाते ती ५० हर्ट्‌झची शांत साइन-लहर, आणि मोटर थांबली म्हणजे कोठेतरी संपर्क उघडला आहे, या दोन गृहीतकांवर जुनी केबल व जुना स्विच दोन्ही उभे होते. ड्राइव्हने ही दोन्ही गृहीतके एकाच वेळी मोडली.

रेषेला लांबी येते

चलगती ड्राइव्ह प्रथम येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करतो, ती कपॅसिटरांत साठवतो आणि मग आयजीबीटी नावाच्या अर्धवाहक स्विचांच्या साहाय्याने तिचे तुकडे करून मोटरला देतो. हे तुकडे सेकंदाला हजारोंच्या संख्येने पडतात व त्यांच्या कमी-अधिक रुंदीतून मोटरला साइन-लहरीचा भास होतो. मोटरच्या प्रवाहापुरते हे पुरेसे असते. केबलपर्यंत पोहोचतात ते मात्र तुकडेच, आणि प्रत्येक तुकड्याला उभी कड असते.

४१५ व्होल्ट पुरवठ्यावर ड्राइव्हमधील एकदिश दाब सुमारे ५६० ते ५८५ व्होल्ट असतो. आयजीबीटी हा दाब ०.१ ते ०.२ मायक्रोसेकंदात चढवू शकते. केबलमधून ही कड प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने, म्हणजे एका मायक्रोसेकंदात सुमारे १५० मीटर, प्रवास करते. मोटरच्या वेटोळ्याचा संरोध अशा जलद लहरीसाठी केबलपेक्षा कितीतरी अधिक असल्याने ती तेथे आदळून परावर्तित होते, आणि मोटरच्या टर्मिनलांवर जवळजवळ दुप्पट, म्हणजे ११०० व्होल्टांहून अधिक, शिखर-दाब उभा राहतो. कड चढण्याच्या वेळात लहर जेवढे अंतर जाते, त्याच्या निम्म्याहून केबल लांब असेल तर हा परिणाम पूर्णत्वाने दिसतो. चढण्याची वेळ २ मायक्रोसेकंद असेल तर ही मर्यादा १५० मीटर येते, ०.२ मायक्रोसेकंदाला ती १५ मीटर होते, आणि ०.१ ला केवळ साडेसात मीटर. मंद स्विचिंगच्या जुन्या ड्राइव्हसोबत निर्धोक असलेली केबल नवा ड्राइव्ह बसवल्याच्या दिवशी लांब ठरते. केबल तीच असते, जागाही तीच असते.

एरिक पर्सन यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील आयईईईच्या औद्योगिक उपयोजनांच्या नियतकालिकात या घटिताची मांडणी केली. त्यानंतर मानकांना त्याची दखल घ्यावी लागली. नेमा या अमेरिकी संघटनेच्या एमजी-१ या मानकात ६०० व्होल्टपर्यंतच्या सर्वसाधारण मोटरसाठी १००० व्होल्ट शिखर-दाब व किमान २ मायक्रोसेकंद चढणवेळ अशी मर्यादा आहे. इन्व्हर्टरसाठी खास बनवलेल्या मोटरने मात्र निर्धारित दाबाच्या ३.१ पट शिखर-दाब ०.१ मायक्रोसेकंदाच्या चढणवेळेसह सहन केला पाहिजे. ४१५ व्होल्टाला ही मर्यादा १२८६ व्होल्ट येते. दोन प्रकारच्या मोटरींत अशी स्पष्ट रेघ ओढणे हे या मानकाचे श्रेय होय. त्यात एक गोष्ट मात्र सुटलेली दिसते. मानक बोलते मोटरच्या टर्मिनलांवरील दाबाविषयी; ड्राइव्ह विकणारा बोलतो स्वतःच्या टर्मिनलांवरील दाबाविषयी; आणि या दोहोंमधला गुणाकार करणारी केबल टाकतो तिसराच कंत्राटदार, ज्याला प्रवाहक्षमता व दाबपात या दोनच गोष्टी विचारल्या गेलेल्या असतात.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो कोणत्याही मानकात नाही. जळालेली मोटर फेकली जात नाही; ती तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगला जाते. शिखर-दाबाचा सर्वांत मोठा वाटा वेटोळ्याच्या पहिल्या काही फेऱ्यांवर पडतो, आणि हातभरणीच्या वेटोळ्यात पहिली व शेवटची फेरी शेजारी येऊ शकते. साध्या एनॅमल तारेने भरलेली मोटर परत येते तेव्हा नामपट्टी मात्र जुनीच असते. ‘इन्व्हर्टर ड्यूटी’ हे शब्द पत्र्यावर राहतात आणि वेटोळ्यातून नाहीसे होतात. केबल किती लांब चालेल हा निर्णय अशा वेळी नामपट्टी वाचून घेणे धोक्याचे आहे.

उपायांचा तपशील येथे आवश्यक नाही: ड्राइव्हच्या बाहेरच्या बाजूस चोक, कड सौम्य करणारा फिल्टर किंवा पूर्ण साइन-फिल्टर असे चढत्या किमतीचे पर्याय उपलब्ध आहेत. मोटरच्या टर्मिनलांवर पूर्वी पॉवर फॅक्टरसाठी लावलेला कपॅसिटर ड्राइव्ह बसवताना काढलाच पाहिजे, एवढे मात्र नमूद करावे लागते. तो तसाच राहिला तर प्रत्येक स्पंदाला त्याच्यात प्रवाहाची उसळी जाते.

परतीची वाट

शाळेपासून शिकवले जाते की समतोल त्रिकला पुरवठ्यात तीनही दाबांची बेरीज शून्य असते. ड्राइव्हच्या बाहेर ती कोणत्याही क्षणी शून्य नसते, कारण प्रत्येक फेज एक तर वरच्या टोकाला जोडलेला असतो किंवा खालच्या. ही शिल्लक राहिलेली बेरीज प्रत्येक स्विचिंगसरशी उडी घेते आणि वेटोळे व मोटरचा सांगाडा यांमधल्या अल्पशा धारितेतून प्रवाह ढकलते. सांगाड्यात आलेला हा प्रवाह ड्राइव्हकडे परत गेलाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की कोणत्या वाटेने.

त्याला सोपी वाट दिली नाही तर तो स्वतः शोधतो, आणि त्यांतली एक बेअरिंगमधून जाते. मोटरच्या अक्षातून प्रवाह वाहतो हे नवे नाही. आल्जर व सॅमसन यांनी १९२४ मध्येच चुंबकीय असमतोलामुळे उद्भवणाऱ्या अशा प्रवाहांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पीडब्ल्यूएम ड्राइव्हमुळे ते वेगळ्या कारणाने व लहान मोटरींतही निर्माण होतात, हे अर्डमन, केर्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले. बेअरिंगमधील वंगणाचा पातळ थर विजेच्या ठिणगीने वारंवार भेदला जातो आणि काही काळाने बाहेरच्या कड्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या रेषा उमटतात. बेअरिंग बदलले जाते, वंगणाची कंपनी बदलली जाते, केबल मात्र कोणी पाहत नाही.

ड्राइव्हवरील मोटरींविषयीचे आयईसी ६००३४-२५ हे दस्तऐवज या बाबतीत स्पष्ट आहे. तीन फेज सममितीने मांडलेले, त्यांच्यासोबत अर्थिंगचे तार तीन भागांत सममितीने विभागलेले किंवा सर्वांभोवती सलग धातूचे आवरण, आणि ते आवरण दोन्ही टोकांना पूर्ण वर्तुळाने जोडलेले, अशी केबल त्याला अपेक्षित आहे. भारतीय भांडारात प्रत्यक्षात असते ती आयएस १५५४ किंवा आयएस ७०९८ प्रमाणेची आर्मर्ड केबल, आणि पुष्कळदा साडेतीन कोअरची. वितरणासाठी साडेतीन कोअर हा विचारपूर्वक केलेला काटकसरीचा पर्याय होता. ड्राइव्ह आणि मोटर यांमध्ये तो अर्धा कोअर अर्थिंगला वापरला की तो तीन फेजपासून समान अंतरावर राहत नाही आणि सममितीच बिघडते. तीन कोअरची आर्मर्ड केबल दोन्ही टोकांना धातूच्या ग्लँडने नीट बसवली तर साडेतीन कोअरपेक्षा पुष्कळ बरी. या साध्या विधानासाठी कोणत्याही आयात केबलची गरज नाही.

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ६१ प्रमाणे मध्यम दाबाच्या मोटरच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ-जोडण्या आवश्यक होत्या, आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या दोन पट्ट्या मोटरच्या दोन बाजूंना लावणे ही आपल्या कारखान्यांची पक्की सवय झाली. विद्युत-धक्क्यापासून संरक्षण म्हणून ती उत्तम आहे. परंतु या पट्ट्या जातात अर्थ-पिटाकडे, ड्राइव्हकडे नव्हे. मेगाहर्ट्‌झच्या प्रवाहाला जमिनीत जायचे नसते. त्याला ड्राइव्हच्या डीसी बसकडे घरी जायचे असते. निरीक्षक दोन पट्ट्या मोजतो व समाधानाने पुढे जातो. परतीच्या वाटेविषयी त्याला कोणी काही विचारायला सांगितलेले नसते.

येथेच आयसोलेटर या प्रश्नात शिरतो. मोटरशेजारी प्लास्टिकचा डबा बसवला की केबलचे आवरण तेथे तुटते. ते पुन्हा जोडण्यासाठी वायरमन आवरणाच्या तारा पिळून त्यांची शेपटी करतो व एका स्क्रूखाली दाबतो. दहा सेंटीमीटर तारेचे प्रेरकत्व सुमारे ०.१ मायक्रोहेन्री धरले, तर ५० हर्ट्‌झला तिचा विरोध एका ओहमच्या सुमारे तीस दशलक्षांशांएवढा, म्हणजे नगण्य आहे. १० मेगाहर्ट्‌झला तोच सहा ओहमच्या पुढे जातो. मल्टिमीटर दोन्ही वेळी ‘जोडलेले आहे’ असेच सांगतो. सुरक्षेसाठी बसवलेला डबा अशा रीतीने परतीच्या वाटेवरचा अडसर ठरतो, आणि याच कारणासाठी ‘ईएमसीला बाधा येते’ असे म्हणून आयसोलेटरच काढून टाकण्याची सूचना पुढे येते. वास्तविक दोष आयसोलेटरचा नसून डब्याचा आहे. धातूचा डबा, दोन्ही बाजूंना धातूचे ग्लँड व त्यांच्याखाली न रंगवलेला पृष्ठभाग एवढ्याने आवरण सलग राहते.

नियम ५० चे एक वाक्य

१९५६ च्या नियमांतील नियम ५० मध्ये मोटरच्या नियंत्रणाविषयी एक दीर्घ वाक्य आहे. त्याचा आशय असा: प्रत्येक मोटरचा किंवा एका यंत्रासाठीच्या मोटर-समूहाचा पुरवठा योग्य क्षमतेच्या लिंक्ड स्विचने, सर्किट ब्रेकरने किंवा हाताने पूर्ववत करावयाच्या आपत्कालीन ट्रिपिंग साधनाने नियंत्रित असावा, ते साधन मोटरच्या लगत, सहज हाताशी येईल असे असावे, आणि त्याच्या योगे मोटरचा तसेच तिच्याशी संलग्न अशा नियामक स्विच, रोध वा अन्य साधनाचा सर्व पुरवठा तोडता यावा. १९१० च्या अधिनियमाची जागा २००३ च्या विद्युत अधिनियमाने घेतल्यावर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम केले, त्यांत हे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे उतरले. २०२३ मध्ये त्या विनियमांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. पण पॅनेल बनवणाऱ्यांच्या व निरीक्षणाच्या सवयींवर जुन्या वाक्याचे वळण अजून स्पष्ट दिसते.

वाक्य ज्या काळात घडले त्या काळासाठी ते निर्दोष आहे. डीसी मोटर किंवा स्लिपरिंग मोटर, तिच्या शेजारी स्टार्टर व नियामक रोध, आणि त्यांच्या आधी एक स्विच, असे दृश्य मसुदाकारांच्या डोळ्यांसमोर असावे. ‘मोटरच्या लगत’ आणि ‘नियामक साधनाचाही पुरवठा तोडणारा’ या दोन अटी तेव्हा एकच स्विच पुऱ्या करत असे, कारण नियामक साधनही मोटरच्या लगतच असे.

ड्राइव्ह हे त्या वाक्यातील ‘अन्य नियामक साधन’ होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ते आता साठ मीटर दूर गेले आहे. मोटरशेजारी, ड्राइव्हच्या पुढे आयसोलेटर बसवला तर मोटरचा पुरवठा तुटतो पण ड्राइव्हचा तुटत नाही. पहिली अट पूर्ण, दुसरी नाही. पॅनेल-खोलीत ड्राइव्हच्या आधी बसवला तर दोहोंचा तुटतो, पण तो मोटरच्या लगत नाही. दोन्ही अटी अक्षरशः पाळायच्या तर मुख्य केबल प्रथम मोटरपर्यंत न्यावी, तेथील स्विचमधून परत पॅनेल-खोलीत आणावी आणि ड्राइव्हमधून पुन्हा मोटरकडे पाठवावी. एका रेषेच्या तीन रेषा होतील आणि नियमाचे समाधान होईल.

कारखान्यांनी अर्थातच असे केले नाही. त्यांनी वाक्यातील तिसऱ्या पर्यायाचा आश्रय घेतला: मोटरशेजारी कुलूपबंद करता येणारे लाल स्टॉप-बटण, म्हणजे बोलीतील ‘लोकल पुश बटन’. डायरेक्ट-ऑन-लाइन स्टार्टरच्या काळात या बटणाने काँटॅक्टरची कॉइल सुटत असे व तीन फेजांत तीन ठिकाणी हवेची फट पडत असे. काँटॅक्टर म्हणजे आयसोलेटर नव्हे, हे खरेच. पण फट ही फट होती. आज तेच बटण, त्याच रंगाचे व त्याच खांबावरचे, ड्राइव्हच्या एका डिजिटल इनपुटला जोडलेले असते. ते दाबले की प्रोसेसर स्पंद थांबवतो. आयजीबीटी मिटतात, मोटर थांबते, आणि डीसी बसवरचे साडेपाचशे व्होल्ट व मोटर यांमध्ये उरतो केवळ अर्धवाहकाचा एक तुकडा. यास ‘सर्व पुरवठा तोडणे’ म्हणता येईल काय? १९५६ च्या मसुदाकारांना हा प्रश्न विचारता येत नाही. २०१० च्या मसुदाकारांना तो विचारता येतो, कारण तोपर्यंत ड्राइव्ह सर्वत्र पोहोचले होते आणि साधनांची यादी करणारे वाक्य कार्याची व्याख्या करू शकत नाही, हे दिसून आले होते.

तुलनेसाठी अमेरिकी राष्ट्रीय विद्युत संहितेतील ४३०.१०२ हा भाग पाहता येतो. तेथे विच्छेदक मोटरच्या ‘दृष्टिपथात’ असावा असे सांगून त्या शब्दाची व्याख्याही केली आहे: दिसणारा व ५० फुटांहून दूर नसलेला. तथापि स्थानिक विच्छेदकाने धोका वाढत असेल तर अपवाद ठेवला असून, अशा उदाहरणांत १०० अश्वशक्तीवरील मोटरी व पाणबुडी मोटरी यांच्यासोबत ड्राइव्हवरील मोटरींचाही उल्लेख आढळतो. आधीच्या विच्छेदकाला कुलूप लावता येणे ही त्याची अट आहे. अडचण नाव घेऊन सांगितली, हे या लेखनाचे मोठेपण. पण ‘धोका’ कोणाचा, हे त्यात अध्याहृत राहते, आणि ड्राइव्ह ट्रिप होण्याचा त्रास व माणसाचा हात सापडण्याचा धोका एकाच शब्दात मिसळले जातात.

यंत्रांच्या विद्युत सामग्रीविषयीचे आयईसी ६०२०४-१ हे मानक या दोहोंपेक्षा सरस वाटते. अनपेक्षित सुरुवात रोखण्यासाठी शक्ती काढून घेणे हे एक कार्य आणि विद्युत कामासाठी पुरवठ्यापासून विलग करणे हे दुसरे, अशी फोड ते करते आणि प्रत्येकासाठी साधनांची वेगळी चर्चा करते. फिटरला पहिले हवे, वायरमनला दुसरे. एकाच स्विचकडून दोघांचीही अपेक्षा केल्याने नियम ५० चे वाक्य अडखळले. मात्र पंपगृहाचे किंवा कूलिंग टॉवरचे काम घेणारा कंत्राटदार यंत्रांचे मानक उघडतोच असे नाही.

‘बंद’ या शब्दाची व्याप्ती

या ठिकाणी भाषेचाही विचार करावा लागतो, कारण दुरुस्तीच्या वेळी नियम वाचला जात नाही, बोलणे ऐकले जाते. ‘मोटर बंद आहे’ हे मराठी वाक्य निदान चार स्थिती सांगते: मोटर फिरत नाही, मोटरला फिरण्याचा आदेश नाही, मोटरमध्ये बलाघूर्ण उत्पन्न होऊ शकत नाही, मोटरच्या टर्मिनलांवर वीज नाही. पॅनेल-खोलीतून फोनवर ‘बंद केली’ असे सांगणाऱ्याच्या मनात पहिली किंवा दुसरी स्थिती असते. ऐकणारा चौथी धरून चालतो. शिवाय परिपथाच्या परिभाषेत ‘क्लोज्ड’ म्हणजे चालू, तर मराठीत ‘बंद’ म्हणजे नेमके उलट. अनुवादित पाठ्यसामग्रीत ही गफलत सहज शिरते.

जुन्या स्टार्टरवर या चार स्थितींतील अंतर थोडे होते, म्हणून एका शब्दाने भागत असे. ड्राइव्हने त्या एकमेकींपासून दूर नेल्या. वेगाचा आदेश शून्य असताना मोटर स्थिर असते, पण तिच्यावर पूर्ण दाबाची स्पंदे चालू असतात. ‘सेफ टॉर्क ऑफ’ हे आयईसी ६१८००-५-२ मधील कार्य तिसरी स्थिती विश्वासार्हपणे देते. यांत्रिक दुरुस्तीसाठी ते मोलाचे आहे, पण विद्युत-धक्क्यापासून संरक्षण हे त्याचे काम नाही. ड्राइव्हचा पुरवठा तोडल्यावरही कपॅसिटरांतील भार काही मिनिटे राहतो, म्हणून ड्राइव्हच्या झाकणावर थांबण्याची वेळ छापलेली असते, बहुधा इंग्रजीत.

चौथी स्थिती तर आयसोलेटर उघडूनही मिळेलच असे नाही. ड्राइव्हवरच्या मोठ्या मोटरला थंड करणारा स्वतंत्र पंखा असतो, त्याला स्वतंत्र पुरवठा असतो. आर्द्रता टाळण्यासाठी बसवलेला हीटर तर मोटर थांबली की चालू व्हावा अशीच त्याची जोडणी असते. तीन ध्रुवांचा आयसोलेटर उघडून, कुलूप लावून टर्मिनल बॉक्स उघडणाऱ्याला आतमध्ये जिवंत तार भेटते, आणि ती नेमकी त्याने मोटर बंद केल्यामुळे जिवंत झालेली असते. थांबवणे, बलरहित करणे आणि विलग करणे अशी तीन क्रियापदे निदान कामाच्या परवान्यावर तरी वेगवेगळी छापली जावीत, अशी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

पुस्तिकांची भूमिका

ड्राइव्ह-उत्पादकांच्या पुस्तिका आयसोलेटरकडे सामान्यतः संशयाने पाहतात. मोटर चालू असताना ड्राइव्हच्या बाहेरचा संपर्क उघडू नये, असा इशारा त्यांत ठळक अक्षरांत असतो. तो अकारण नाही. चालू प्रवाह तोडला की ठिणगीचा चाप पडतो. ५० हर्ट्‌झला प्रवाह दर दहा मिलिसेकंदांनी शून्यातून जातो व चाप विझतो; ड्राइव्ह ५ हर्ट्‌झवर चालत असेल तर हीच संधी शंभर मिलिसेकंदांनी येते, तेव्हा स्विचवर छापलेली तोडण्याची क्षमता जशीच्या तशी लागू होत नाही. उलट, आयसोलेटर पुन्हा जोडला आणि ड्राइव्ह दरम्यान ५० हर्ट्‌झवर चालूच असेल, तर स्थिर मोटर थेट पुरवठ्यावर आल्याप्रमाणे सहा-सात पट प्रवाह मागते व ड्राइव्ह तत्काळ ट्रिप होतो.

उपायही पुस्तिकांतच असतो, पण मागच्या पानांवर: आयसोलेटरच्या मुख्य संपर्कांच्या किंचित आधी उघडणारा सहायक संपर्क घ्यावा आणि तो ड्राइव्हच्या ‘सेफ टॉर्क ऑफ’ किंवा ‘एनेबल’ इनपुटला जोडावा. हँडल फिरू लागताच ड्राइव्ह स्पंद थांबवतो आणि मुख्य संपर्क प्रवाहाविना उघडतात. चार पैशांचा हा संपर्क व त्यासाठी लागणारी दोन तारांची केबल हा खरे तर आयसोलेटरचाच भाग मानला पाहिजे. प्रत्यक्षात निविदेत आयसोलेटर विद्युत कामात येतो, सहायक केबल उपकरण-नियंत्रणाच्या कामात, आणि दोहोंच्या सांध्यात ती राहून जाते. ती टाकलेली असली तरी आयसोलेटर उघडल्याने ड्राइव्ह दोष दाखवून थांबला की रीसेट करायला कोणाला तरी पॅनेल-खोलीपर्यंत चालत जावे लागते. काही दिवसांत ते दोन तार ड्राइव्हवरच शॉर्ट केले जातात. वस्तुतः दोष न दाखवता थांबण्याचा आणि नव्या आदेशाविना सुरू न होण्याचा पर्याय निवडता येतो. ही गोष्ट यंत्र सुरू करून देणाऱ्याच्या यादीत असायला हवी.

पुस्तिकेचा वाचक ड्राइव्ह सांभाळणारा आहे, मोटर सांभाळणारा नाही, हे एकदा लक्षात घेतले म्हणजे तिच्यातील ठळक व बारीक अक्षरांची वाटणी उलगडते. ‘ड्राइव्ह असल्यामुळे आयसोलेटर नको’ हा निष्कर्ष मात्र पुस्तिकेतून निघत नाही. तो सोयीने काढला जातो. कुलूप लावलेला बाहेरचा आयसोलेटर फिटरला डीसी बसवरील शिल्लक भारापासूनही तोडतो आणि ती मिनिटे मोजण्याच्या जबाबदारीतून त्याला मुक्त करतो. पॅनेल-खोलीतील कुलूप त्याला दिसतही नाही.

स्थायी चुंबकाच्या मोटरीने तर हा सारा वाद उलटा केला आहे. कूलिंग टॉवरचा पंखा वाऱ्याने फिरतो. पंप थांबल्यावर नळातील पाणी मागे येऊन त्याला उलटा फिरवते. अशा वेळी स्थायी चुंबकाची मोटर जनित्र बनते आणि आयजीबीटींना समांतर असलेल्या डायोडांतून ड्राइव्हची डीसी बस भारित करते. मुख्य पुरवठा तोडून, कुलूप लावून, सांगितलेली मिनिटे मोजून ड्राइव्ह उघडणाऱ्या तंत्रज्ञासमोर बस पुन्हा जिवंत होऊ शकते. येथे मोटरशेजारचा आयसोलेटर वाचवतो तो पॅनेल-खोलीतल्या माणसाला. मोटरच्या टर्मिनल बॉक्सशी काम करणाऱ्याला मात्र तो काहीच देत नाही, कारण वीज त्याच्याच बाजूला तयार होत असते. त्याच्यासाठी पंख्याचे पाते किंवा अक्ष यांत्रिक अडसराने जखडणे आणि पंपाच्या नळावरील झडप बंद करून तिलाही कुलूप लावणे हाच मार्ग उरतो. पुरवठा नेहमी पॅनेलकडून मोटरकडे जातो असे धरून लिहिलेल्या नियम ५० च्या वाक्यात या कुलपांना जागा नाही.